लिगुरियाचा किनारा, आगगाडीने: सातारा-सांगलीहून निघणाऱ्यांसाठी

आंबेनळी घाट उतरता उतरता पोलादपूरऐवजी थेट समुद्रच लागला तर कसं होईल, तशी लिगुरियाची जमीन आहे. इटलीच्या वायव्य कोपऱ्यातली, कोयत्याच्या पात्यासारखी वाकलेली अरुंद पट्टी. मागे आल्प्स आणि अपेनाइनचे डोंगर, पुढे भूमध्य समुद्र, आणि मध्ये सपाटी अशी जवळजवळ नाहीच. मधोमध जेनोवा हे जुनं बंदर. त्याच्या पश्चिमेला फ्रान्सच्या हद्दीवरच्या व्हेंतिमिल्यापर्यंतचा भाग म्हणजे ‘पोनेंते’, आणि पूर्वेला ला स्पेत्सियापर्यंतचा ‘लेवांते’.

इथे एक गोष्ट आधी ठरवून टाका. हा किनारा आगगाडीने बघायचा आहे. रस्ते वळणावळणाचे, गाडी लावायला जागा नाही, आणि गावं अशी बसली आहेत की बस गावाच्या आत शिरूच शकत नाही. रेल्वेचा रूळ मात्र बोगद्यांमधून जवळजवळ प्रत्येक गावाच्या पायाशी येऊन थांबतो. ग्रुप टूरची बस ला स्पेत्सियाला उतरवते, अर्ध्या दिवसात चिंक्वे तेर्रेची पाच गावं ‘करवते’ आणि रात्री मिलानला परत नेते. त्यात फोटो मिळतात, किनारा मिळत नाही. स्वतः आखलेल्या आठ-नऊ रात्री, दोन किंवा तीन ठिकाणी राहून, हे खर्चाला फार वेगळं पडत नाही आणि हाती खूप जास्त लागतं.

कधी जायचं

सगळ्यात चांगले दिवस म्हणजे मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा तिसरा आठवडा, आणि पुन्हा सप्टेंबर. मुलांची शाळा असेल तर मे. तेव्हा हवा छान असते, पण समुद्राचं पाणी अजून गारठलेलं असतं, पोहायची मजा जूनच्या मध्यापासून. सप्टेंबरात पाणी उन्हाळाभर तापून कोमट झालेलं असतं आणि डोंगरावर द्राक्षांची काढणी चालू असते. तासगाव-मिरजेकडच्या बागायतदारांना ती बघण्यासारखी आहे, पण ज्यांची छाटणी आगाप असते त्यांनी जूनच धरावा.

जुलै-ऑगस्ट टाळा. १५ ऑगस्टला तिकडे ‘फेरागोस्तो’ असतो, सगळी इटली त्या सुमारास किनाऱ्यावर उतरते. खोल्यांचे भाव चढतात आणि डब्यात उभं राहायला जागा नसते.

दिवाळीच्या सुट्टीचं मात्र नीट समजून घ्या, कारण आपल्याकडची बरीच मंडळी तीच सुट्टी धरतात. ऑक्टोबर अखेर आणि नोव्हेंबर हे लिगुरियाचे मोठ्या पावसाचे दिवस. समुद्रावरून आलेले ढग लगेच डोंगराला अडतात आणि थोड्या तासांत प्रचंड पाणी अरुंद ओढ्यांतून गावात घुसतं. २५ ऑक्टोबर २०११ ला पाच गावांपैकी व्हेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो इथल्या गल्ल्या पहिल्या मजल्यापर्यंत चिखल-दगडांनी भरल्या होत्या. २०१९ चा कृष्णेचा पूर बघितलेल्यांना याचा अर्थ सांगावा लागत नाही, फरक इतकाच की तिथे पाणी दिवसभर चढत येत नाही, तासाभरात येतं. त्या काळात पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे निघतात. नारिंगी किंवा लाल इशारा असला की डोंगरवाटा बंद होतात. शिवाय नोव्हेंबरच्या सुरुवातीला बोटी थांबतात आणि पाच गावांमधल्या जादा गाड्याही कमी होतात. दिवाळीतच जायचं असेल तर मुक्काम जेनोवा शहरात ठेवा आणि किनाऱ्याची गावं हवा बघून एकेका दिवसाची करा.

व्हिसा: शेतकरी कुटुंबांनी काय जोडायचं

इटली शेंगेन देशांत आहे, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात. ज्या देशात सर्वांत जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. पाच रात्री इटली आणि तीन रात्री फ्रान्स असेल तर अर्ज इटलीकडेच. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, आणि निदान पंधरा दिवस आधी तो जायलाच हवा. प्रत्यक्षात भेटीची वेळ मिळणंच अवघड असतं, म्हणून जूनच्या प्रवासासाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये वेळ घ्यावी. मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५ युरो, सहा वर्षांखालच्यांना फी नाही. अर्ज घेणाऱ्या केंद्राचा सेवाखर्च वेगळा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालू हवा, दहा वर्षांपेक्षा जुना नको, आणि दोन पानं कोरी हवीत. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा.

नोकरदारांचं सोपं असतं: पगाराच्या पावत्या, सुट्टी मंजूर झाल्याचं पत्र, तीन वर्षांची विवरणपत्रं, सहा महिन्यांचं शिक्क्याचं बँक स्टेटमेंट. अडतं ते शेतीच्या उत्पन्नावर. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे विवरणपत्र भरलेलं नसतं आणि कागदावर माणूस बेरोजगार दिसतो. यावर उपाय असा: सातबारा आणि आठ-अ, कारखान्याचं ऊसबिल किंवा बेदाण्याच्या सौद्याच्या पट्ट्या, आणि ते पैसे खात्यात जमा झाल्याच्या नोंदी, हे तिन्ही एकमेकांशी जुळवून लावा. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर जोडा. सोबत एका पानाचं पत्र लिहा की कोणत्या महिन्यात कुठल्या पिकाचा पैसा येतो. ऊसबिल हप्त्याहप्त्याने येतं, हे वाचणाऱ्या अधिकाऱ्याला माहीत नसतं. तो फक्त एकदम आलेली मोठी रक्कम बघतो आणि ती उसनी आणून भरली असं समजतो. म्हणूनच अर्जाच्या आदल्या आठवड्यात भावाकडून चार लाख खात्यावर घेणं हा सगळ्यात वाईट उद्योग.

दुसरी नेहमीची चूक नावाची. सातबाऱ्यावर एक, आधारवर दुसरं, पासपोर्टवर आडनावाच्या जागी वडिलांचं नाव. विमानाचं तिकीट, विमा आणि हॉटेल हे तिन्ही पासपोर्टवर जसं आहे तसंच, अक्षर न बदलता.

ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन हद्दीवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो नोंदवून घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे. पहिल्या प्रवेशाला रांग लांबते. उतरल्यावर पुढच्या गाडीसाठी निदान तीन तासांची मोकळीक ठेवा.

जाणं

लिगुरियाला जाण्याचा सोयीचा रस्ता मिलानवरून. मुंबईहून आखातातल्या एखाद्या शहरात विमान बदलून मिलान माल्पेन्सा. पोनेंतेकडून सुरुवात करायची असेल तर फ्रान्समधलं नीस विमानतळही चालतं, तिथून व्हेंतिमिल्या आगगाडीने तासाभराच्या आत.

मुंबईपर्यंतच्या टप्प्यातच बऱ्याच जणांची घाई होते. साताऱ्याहून विमानतळ अडीचशे किलोमीटरच्या वर, सांगलीहून पावणेचारशेच्या आसपास. सुट्टीच्या दिवशी खंबाटकी घाटात दीड-दोन तास सहज जातात. आखाताकडची बरीच विमानं पहाटे सुटतात. त्यांना चार तास आधी पोचायचं तर सांगलीकरांनी दुपारी बारानंतर घर सोडणं धोक्याचं. महालक्ष्मी एक्सप्रेसने आदल्या रात्री निघून सकाळी दादरला उतरणं आणि दिवस मुंबईत काढणं हा जास्त शांत मार्ग.

माल्पेन्साहून मिलान सेंत्रालेपर्यंत आगगाडी सुमारे ५० मिनिटं, तिथून जेनोवा पियात्सा प्रिंचिपे दोन तासांच्या आत. जेनोवाला दोन मोठी स्टेशनं आहेत. प्रिंचिपे जुन्या शहराच्या आणि बंदराच्या बाजूला, ब्रिन्योले पूर्वेला. राहण्याची जागा ठरवताना हे बघून ठेवा.

सामान प्रत्येकी एकच बॅग, बारा किलोच्या आत. हे कानात ठेवा, कारण तिकडच्या बऱ्याच स्टेशनांवर जिनाच आहे, गावात शिरलं की पुन्हा जिना, आणि खोली तिसऱ्या मजल्यावर.

घरून काय न्यावं यात एक कडक नियम आहे: युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दूध-दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे कंदी पेढे, तूप, खवा सगळं घरी. ताजा कढीपत्ता, मिरच्या, आंबेही नको. भडंग, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, खाकरा, बेदाणे यांना अडचण येत नाही. चार्जरची बारीक गोल दोन पिनांची प्लग तिकडे बसते, तीन पिनांची बसत नाही, तिच्यासाठी एक जोडणी घ्या.

गाडीची तिकिटं

किनाऱ्यावर धावणाऱ्या गाड्या दोन प्रकारच्या. ‘रेजिओनाले’ म्हणजे आपली पॅसेंजर: भाव ठरलेला, आरक्षण नाही, ऐनवेळी तिकीट काढलं तरी तेवढेच पैसे. ‘इंटरसिटी’त आसन ठरलेलं असतं आणि आधी काढलं तर स्वस्त पडतं.

दंड बसतो तो रेजिओनालेत. यंत्रातून किंवा खिडकीवरून घेतलेलं कागदी तिकीट गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या यंत्रात सरकवून त्यावर तारीख-वेळ उमटवून घ्यायची असते. नुसतं तिकीट जवळ असणं पुरेसं नाही. मोबाइलवरच्या तिकिटाला त्याच धर्तीवर ‘चेक-इन’ करावं लागतं, चढण्याआधीच. तपासनीस समोर दिसल्यावर केलेलं चालत नाही, आणि माहीत नव्हतं हे कारणही चालत नाही.

फलक वाचायला चार शब्द पुरतात. ‘बिनारियो’ म्हणजे फलाट, ‘रितार्दो’ म्हणजे उशीर, ‘उशिता’ म्हणजे बाहेर पडायचा रस्ता, आणि ‘शोपेरो’ म्हणजे संप. संप तिकडे जाहीर करून होतो. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरावीक गाड्या संपातही चालतात. तेवढ्यात मुख्य टप्पा उरकून घ्या.

गाडी भाड्याने घेण्याचा मोह होतो. घ्यायचीच असेल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्यावा लागतो. पण जुन्या गावांच्या मध्यभागी बाहेरच्या वाहनांना बंदी असते, कॅमेरा नंबर टिपतो, आणि दंडाचा कागद सहा महिन्यांनी साताऱ्याच्या पत्त्यावर येतो. भाड्याच्या कंपनीचा हाताळणीखर्च त्याआधीच कार्डातून कापलेला असतो.

जेनोवा: तीन रात्री

बहुतेक जण जेनोवा वगळतात. तसं करू नका. मध्ययुगातलं एवढं मोठं आणि अजून राबतं जुनं शहर युरोपात फार थोड्या ठिकाणी आहे. ‘कारुजी’ म्हणतात त्या गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागतात. दिवसा बिनधास्त हिंडा. रात्री उशिरा बंदरालगतच्या निर्मनुष्य गल्ल्या टाळा. गारिबाल्दी रस्त्यावरचे व्यापारी-सरदारांचे वाडे २००६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. सान लोरेन्झो कॅथेड्रलमध्ये १९४१ च्या तोफमाऱ्यातला न फुटलेला गोळा ठेवला आहे. बंदरावरचा ‘लांतेर्ना’ दीपस्तंभ ७७ मीटर उंच, आजच्या रूपात १५४३ चा. शहर उतारावर असल्यामुळे सार्वजनिक लिफ्ट आणि दोराने ओढली जाणारी रेल्वे हीच इथली बस. कास्तेल्लेत्तोच्या लिफ्टने वर जा, स्लेटच्या करड्या छपरांपलीकडे बंदर दिसतं. मत्स्यालय मुलांसोबत असाल तर अर्धा दिवस घेतं. संध्याकाळी बोक्कादास्से या कोळ्यांच्या वस्तीत जाऊन खडकांवर बसा.

लेवांते: कामोल्यीपासून सेस्त्रीपर्यंत

कामोल्यी जेनोवाहून पाऊण तासाच्या आत. किनाऱ्यावर सहा-सात मजली उंच रंगीत घरं. तिथून बोटीने अर्ध्या तासात सान फ्रुत्तुओसो. हा मठ एका छोट्या खाडीत आहे आणि तिथे रस्ता नाही, बोट किंवा डोंगरवाट एवढेच पर्याय. त्याच खाडीत १७ मीटर खोलीवर १९५४ साली येशूचा कांस्य पुतळा समुद्रतळाशी उभा केला आहे. शेवटची बोट किती वाजता आहे ते उतरतानाच विचारून घ्या. दुपारनंतर समुद्र खवळला तर बोटी बंद होतात आणि मग पोर्तोफिनोपर्यंत दीड-दोन तास चालत जाणं भाग पडतं.

पोर्तोफिनोला रेल्वे नाही. सांता मार्गेरितावरून बस किंवा समुद्राकाठाने पाच किलोमीटरची पायवाट. पायवाटच घ्या, वाटेतली पाराज्जीची हिरवी खाडी हेच त्यातलं खरं सुख. गावात कॉफीसुद्धा महाग आहे. तासाभरात परत फिरा.

सेस्त्री लेवांते हे म्हाताऱ्या आई-वडिलांसोबत जाणाऱ्यांसाठी फार चांगलं गाव. सपाट आहे, आणि जमिनीच्या एका निमुळत्या पट्टीच्या दोन बाजूंना दोन खाड्या आहेत. एकीकडे लांब वाळूचा किनारा, दुसरीकडे ‘शांततेची खाडी’. रेल्वे स्टेशन दहा मिनिटांवर.

पाच गावं

चिंक्वे तेर्रे म्हणजे पाच जमिनी: मोंतेरोस्सो, व्हेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला, रियोमाज्जोरे. १९९७ पासून जागतिक वारसा. राहायला मात्र यातलं गाव निवडू नका. खोल्या लहान, महाग, जिने भरपूर. शेजारच्या लेवांतोला राहा. सपाट गाव, स्वतःचा किनारा, आणि मोंतेरोस्सो गाडीने पाच-सहा मिनिटांवर. लेवांतोहून बोनास्सोला आणि फ्रामुराकडे जाणाऱ्या जुन्या रेल्वेच्या बोगद्यांमधून आता सायकल आणि पायी जाण्याचा सपाट मार्ग आहे. गुडघे दुखणाऱ्यांनाही समुद्राकाठचं चालणं मिळतं.

मार्चच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत लेवांतो ते ला स्पेत्सिया अशी खास गाडी दिवसभर ये-जा करते, आपल्या वडापसारखी, एक गेली की दुसरी. दिवसाचं चिंक्वे तेर्रे कार्ड दोन प्रकारचं: एकात फक्त पैसे भरून चालायच्या डोंगरवाटा, दुसऱ्यात वाटा आणि गाड्या दोन्ही. भाव दिवसाच्या गर्दीप्रमाणे बदलतो. दिवसात तीनपेक्षा जास्त वेळा गाडीत चढणार असाल तर गाडीवालं घ्या. बोटीचं तिकीट कार्डात येत नाही.

खरी युक्ती वेळेची आहे. ला स्पेत्सियाला क्रूझ जहाजं लागतात आणि त्यांतली माणसं साधारण दहा ते चार गावांत असतात. तुम्ही सकाळी साडेसातला वाटेवर असा, अकरापर्यंत चालणं संपवा, दुपार लेवांतोच्या पाण्यात घालवा आणि पाचनंतर पुन्हा गावात या. तेव्हा व्हेर्नात्साच्या धक्क्यावर गावातली पोरं पाण्यात उड्या मारत असतात आणि बसायला पायरी मिळते.

मोंतेरोस्सो ते व्हेर्नात्सा ही सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात दमवणारी वाट, साडेतीन किलोमीटरला दीड ते दोन तास. पायऱ्या उंच-सखल, काही ठिकाणी एकाच माणसाची रुंदी. गर्दीच्या काही दिवशी ती एकाच दिशेने चालू ठेवतात, म्हणून सुरुवात मोंतेरोस्सोकडून धरा. व्हेर्नात्सा ते कोर्निल्या साधारण तेवढंच अंतर, चढ जरा सोपा. कोर्निल्या समुद्रापासून सुमारे शंभर मीटर वर आहे, तिथे बोट लागत नाही, आणि स्टेशनावरून गावात चढायला ३८० च्या आसपास विटांच्या पायऱ्या आहेत. छोटी बसही असते, पण ती भरली की पुढची येईपर्यंत उन्हात थांबावं लागतं.

कोर्निल्या ते मानारोला ही समुद्राकाठची वाट दरडीमुळे बरीच वर्षं बंद आहे. तिच्याऐवजी मानारोलाहून छोट्या बसने वर व्होलास्त्राला जा आणि तिथून द्राक्षमळ्यांमधून कोर्निल्याला उतरा, साधारण दीड तास. बसने तीनशे मीटरचा चढ वाचतो. रियोमाज्जोरे-मानारोला ही नऊशे मीटरची ‘प्रेमाची वाट’ २०१२ ला दरड पडून बंद झाली होती, ती २०२४ ला पुन्हा उघडली. तिला वेगळे पैसे आणि आधी ठरवलेली वेळ लागते, आणि एकाच दिशेने जाता येतं.

पायात बूट हवेत. चप्पल घालून डोंगरवाटेवर दिसलात तर ५० युरोंपासून पुढे दंड आहे. जायच्या आधी दोन महिने सातारकरांनी आठवड्यातून तीनदा अजिंक्यतारा, सांगलीकरांनी दंडोबा चढावा. चढापेक्षा उतरणं मांड्यांना जास्त लागतं, म्हणून उतरताना धावू नका, तोच सराव तिकडे उपयोगी पडतो.

व्होलास्त्राच्या वाटेवर थोडं थांबून बघण्यासारखं एक आहे: ताली. आपल्याकडे डोंगरउतारावर दगडी ताल घालून माती धरतात, तेच इथे सबंध डोंगरभर आहे, चुना-सिमेंट न वापरता रचलेलं. मोठा दगड बाहेरच्या तोंडाला, मागे बारीक दगडांची भर, म्हणजे पाणी झिरपून जातं आणि भिंतीवर दाब येत नाही. ही भर मातीने बुजली की भिंतीचं पोट फुगतं आणि पुढच्या पावसात ती कोसळते. शेत सोडून तरुण शहरात गेले, ताली पडल्या, म्हणूनही दरडी वाढल्या. कोरड्या दगडी भिंती रचण्याची ही कला २०१८ ला युनेस्कोच्या यादीत घेतली गेली. मळ्यांमधून एका रुळावर चालणारी दातेरी चाकांची छोटी गाडी दिसेल, द्राक्षांचे क्रेट त्यावरून खाली-वर जातात.

आणि बेदाण्याच्या लोकांसाठी: इथली द्राक्षं काढणीनंतर सावलीत, हवेशीर खोलीत जाळ्यांवर पसरून नोव्हेंबरपर्यंत सुकवतात. आपण पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलमध्ये बुडवून दोन आठवड्यांच्या आसपास उरकतो, इथे काहीही न लावता नुसत्या हवेवर दीड-दोन महिने. सुकलेल्या द्राक्षांची ‘शाक्केत्रा’ नावाची गोड वाइन होते. उतारा फार थोडा, म्हणून छोटी बाटलीसुद्धा महाग. कष्ट बघितल्यावर किंमत पटते.

ला स्पेत्सियाहून बसने अर्ध्या तासावर पोर्तोव्हेनेरे आहे. खडकाच्या टोकावर पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांचं सान पिएत्रो चर्च. तिथे अर्धा दिवस द्या, पाच गावांतल्या कुठल्याही एका गावापेक्षा ते सरस आहे.

पोनेंते थोडक्यात

पश्चिमेला किनारे रुंद आणि वाळूचे, परदेशी पर्यटक कमी. फिनाले लिगुरे हा चांगला तळ, जेनोवाहून तासाभरावर. आतला फिनालबोर्गो हा तटबंदीचा भाग जरूर बघा. अल्बेंगाला जुने बुरूज, अलास्सिओला मुलांसाठी उथळ पाण्याचा किनारा. सानरेमोला १९५१ पासून गाण्यांचा मोठा महोत्सव भरतो, आणि जुन्या रेल्वेमार्गावरचा समुद्राकाठचा २४ किलोमीटरचा सायकलमार्ग तिथून जातो. इथे लक्षात ठेवायचं हे: २०१६ ला इंपेरियाच्या बाजूचा रूळ डोंगराच्या आत हलवला, त्यामुळे इंपेरिया आणि दियानो मारिना यांची नवी स्टेशनं समुद्रापासून लांब आहेत. जुन्या नकाशावर विसंबून किनाऱ्यालगत खोली घेतली तर बस शोधावी लागते.

खाणं

शाकाहारी माणसाला इटलीत लिगुरियाइतकं सोपं दुसरीकडे क्वचितच. ‘फारिनाता’ म्हणजे हरभऱ्याच्या पिठाचं जाड धिरडंच. एक भाग पीठ, तीन भाग पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल. चार तास भिजत ठेवून वरचा फेस काढून टाकतात, कल्हईच्या तांब्याच्या मोठ्या परातीत अर्धा सेंटिमीटर जाडीचं ओततात आणि धगधगत्या भट्टीत सरकवतात. दहा मिनिटांत वरून सोनेरी, कडेने कुरकुरीत, मध्ये मऊ. मिरपूड घालून गरम खायचं. गार झालं की चिवट होतं, म्हणून काचेत ठेवलेला तुकडा घेऊ नका, पुढच्या परातीसाठी दहा मिनिटं थांबा. बरीच दुकानं ते संध्याकाळीच करतात.

फोकाच्चा हा ऑलिव्ह तेलाचा पाव सकाळी भट्टीतून घ्यावा. रेक्को गावचा चीज भरलेला प्रकार वेगळा, कागदासारखा पातळ. पेस्तोमध्ये तुळशीच्या जातीची बेझिल, पाइनचे दाणे, लसूण, तेल आणि दोन चीज. त्या चीजमध्ये जनावराच्या पिल्लाच्या जठरातलं विरजण असतं, ज्यांना चालत नाही त्यांनी पेस्तोच टाळावा. अक्रोडाच्या सॉसमधले ‘पानसोती’ पालेभाजी भरलेले असतात, पण त्यात अंडं आणि चीज असतं. भाजीचं सूप मागवताना ‘ब्रोदो’ विचारा, तो बहुधा हाडांचा असतो. मोंतेरोस्सोची खासियत अँचोव्ही मासा, तो पिझ्झ्यावर न सांगता येऊ शकतो. ‘सेन्झा कार्ने’ मांस नको, ‘सेन्झा पेशे’ मासे नकोत, ‘सेन्झा उओवा’ अंडी नकोत, ‘सेन्झा आल्यो’ लसूण नको.

जेवण साडेबारा ते अडीच आणि साडेसातनंतर. मधल्या वेळात स्वयंपाकघर बंद. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी दोन-तीन युरो असतात, ते पावाचे आणि बसण्याचे, फसवणूक नव्हे. कॉफी उभ्याने प्यायली तर जवळपास निम्म्यात. ‘आक्वा पोताबिले’ लिहिलेल्या नळाचं पाणी प्या, बाटल्या विकत घेऊ नका.

पैसा, पाणी, चोऱ्या

हिशेबाला एक युरो शंभर रुपये धरा. रोख बँकेच्या एटीएममधून काढा आणि रक्कम रुपयांत दाखवू का असं यंत्राने विचारलं तर नाही म्हणा, त्यात भाव वाईट लागतो. हॉटेलात माणशी रात्रीमागे पर्यटन कर वेगळा, बऱ्याचदा रोख मागतात.

किनाऱ्याचा मोठा भाग खासगी असतो, छत्री आणि दोन खाटांचे दिवसाचे पैसे. ‘स्पियाज्जा लिबेरा’ लिहिलेला भाग फुकट. बहुतेक ठिकाणी गोटे आहेत, पाण्यात घालायचे रबरी बूट न्या.

पाकीटमार ला स्पेत्सिया, प्रिंचिपे आणि मिलान सेंत्रालेच्या फलाटांवर, गाडीत चढण्याच्या रेटारेटीत काम करतात. कुणी न विचारता बॅग उचलून द्यायला आलं तर एकाने खाली सामान धरावं, एकाने वर घ्यावं आणि पासपोर्टवाल्याने कशालाच हात लावू नये. मदतीचा फोन ११२.

परतताना इंपेरियाकडचं ताज्जास्का ऑलिव्हचं तेल घ्या, पण बाटलीऐवजी डब्यात, आणि चेक-इनच्या बॅगेत. पेस्तोची बरणीसुद्धा तिथेच, हातातल्या बॅगेत ती द्रव समजून काढून घेतात. एका दुकानात ७० युरोंपेक्षा जास्त खरेदी झाली असेल तर कर परतीचा कागद तिथेच करून घ्या. तेल-पेस्तोवर परतावा हवा असेल तर बॅग काउंटरवर देण्याआधी विमानतळावर त्या कागदावर शिक्का घ्यावा लागतो, कारण माल दाखवा म्हणू शकतात.